खडकातल्या डबक्यांना किती ऊन सोसेल? (खान्देशातून विचारतोय)

पांझराकाठ (धुळे)

समुद्राशी आपला काय संबंध, हा पहिला प्रतिसाद येणारच आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. पांझरा तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे, डुमसजवळ समुद्राला. संबंध एवढाच, पण खाली तो कामाला येणार आहे.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांची किनारा-सहल ठरलेली असते : रात्रीची गाडी, सकाळी रत्नागिरी नाहीतर मालवण, दोन दिवस खडक आणि मासळी. पूर्वी परत येताना फॉर्मॅलिनच्या बाटल्यांत तारामासे नि समुद्रकाकड्या भरून आणायची पद्धत होती. आमच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात त्यातल्या काही अजून उभ्या आहेत, पिवळ्या पडलेल्या, लेबलं निघालेल्या. ते बंद झालं हे उत्तम झालं. आता बघायचं, मोजायचं, फोटो घ्यायचा आणि उचललेला दगड होता तसाच ठेवायचा.

यंदा विषय घेतलाय ओहोटीच्या डबक्यांचा. पाणी मागे गेलं की खडकातल्या खळग्यांत जे साचून राहतं ते. आकाराने कधी परातीएवढं, कधी खोलीएवढं. त्यात समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे मऊ प्राणी), शंखात घर केलेले खेकडे, कोळंबीची पिल्लं, बोटाएवढे मासे, शेवाळं, आणि कडेला खडकाला कायमचे चिकटून राहणाऱ्या बार्नेकल या प्राण्यांची पांढरी धारदार कवचं, ज्यांच्यावर अनवाणी पाय पडला की रक्त निघालंच. भरती पुन्हा येईपर्यंत या सगळ्यांना तेवढ्याच पाण्यात भागवायचं असतं. दुपारी ते पाणी तापतं, आटतं, खारटपणा चढतो. शेवाळं उन्हात प्राणवायू सोडतात, तोवर ठीक. रात्री ओहोटी असली की तीच शेवाळं आणि प्राणी मिळून प्राणवायू संपवत जातात, पाण्याचा सामू (pH) खाली येतो. म्हणजे खुल्या समुद्रात वर्षभरात होत नाहीत एवढे चढउतार इथे एका दिवसात.

वर्गात हे सांगताना यावलचा एक मुलगा म्हणाला, "सर, आपण मे महिन्यात ४५-४६ मध्ये कापूस लावायला रान तयार करतो. हे प्राणी तर रोजच सोसतात. हवामान बदलून दोन डिग्री वाढल्या तर त्यांना काय फरक पडणार?"

प्रश्न चांगला आहे, आणि आपल्या भागातून तोच यायला हवा होता. उत्तर मात्र उलटं आहे. जोनाथन स्टिलमन यांनी पेट्रोलिस्थीस गटातल्या छोट्या खेकड्यांवर काम केलं, ते २००३ साली प्रसिद्ध झालं. खडकावर वरच्या भागात, जास्त उन्हात राहणाऱ्या जाती आणि खाली पाण्याजवळ राहणाऱ्या जाती यांची हृदयं किती तापमानाला थांबतात ते त्यांनी तपासलं. वरच्या जाती जास्त उष्णता सोसतात, यात नवल नाही. पण त्यांच्या सोसण्याची हद्द आणि त्यांच्या जागेचं आजचं कमाल तापमान यांत अंतर अगदी थोडं उरलेलं होतं, आणि सवयीने ती हद्द आणखी वर न्यायची ताकदही त्यांच्यातच सगळ्यांत कमी. जो आधीच सगळ्यांत जास्त सोसतोय, त्याच्या गाठीशी शिल्लक सगळ्यांत कमी.

कोकणातल्या मंडळींनी तिकडे प्रत्यक्ष काय दिसतं ते सांगावं. विद्यार्थ्यांना पुस्तकापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

सातपुड्याची_वाट (शहादा)

धागा वाचणार. सध्या फक्त जागा धरून ठेवतोय.

केळीवाला (रावेर)

सर, शेवटचं वाक्य फळ्यावर लिहून ठेवा. आमच्या केळीचं हेच आहे. लोक म्हणतात रावेरची केळी ४५ सोसते. सोसत नाही, तग धरते. ३८ च्या वर गेलं की वाढ थांबते, पानं झुकतात, घड उघडा राहिला तर सालीवर करपा दिसतो. पाणी बंद पडू दिलं नाही आणि पश्चिमेच्या कडेला शेवरी नाहीतर गजराज गवत लावलं की निभतं. एक दिवस वीज गेली, ठिबक बंद, की खेळ खलास. दरवर्षी तग धरला म्हणून पुढल्या वर्षी आणखी दोन डिग्री चालतील, हे तर्कट शेतात चालत नाही.

प्रश्न एवढाच की डबक्याला शेवरी कोण लावणार?

पांझराकाठ (धुळे)

@केळीवाला, लागलेली असते! समुद्रशेवाळं तेच काम करतात. ओहोटीला ओली शेवाळं खडकावर आडवी पडतात आणि खालचा खडक कित्येक अंशांनी थंड राहतो. थंड देशांत हे मुद्दाम शेवाळं काढून मोजलेलं आहे : झाकण गेलं की त्याखालचे शंख आणि बार्नेकलची पिल्लं पहिल्या कडक उन्हात जातात. आपल्या किनाऱ्यावर अडचण अशी की शेवाळांचा हंगाम पावसाळ्यानंतरचा. हिवाळ्यात खडक हिरवे-तपकिरी, आणि एप्रिल-मे आला की बरीचशी वाळून सुटून गेलेली. ऊन सर्वांत जास्त तेव्हाच सावली नाही.

काळबादेवीची_सून (रत्नागिरी, माहेर जळगाव)

सर, नमस्कार. मी लग्नाआधी समुद्र फक्त कॅलेंडरवर बघितलेला. आता सासूबाईंबरोबर कालवं (खडकाला चिकटलेले खायचे शिंपले) काढायला जाते, म्हणजे त्या कोयतीने काढतात आणि मी टोपली धरते.

एक गोष्ट तुमच्या मुलांना नक्की सांगा, कारण माहेरच्या कुणालाच ती कळत नाही. ओहोटी रोज वेगळ्या वेळी असते. आमच्याकडे अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती भर दुपारच्या सुमाराला येते, त्यामुळे सगळ्यांत खोल ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी. खालचे खडक, जे महिन्यातून थोडेच दिवस उघडे पडतात, ते कोवळ्या उन्हातच उघडे पडतात. सासूबाई म्हणतात, देवाने सोय केलीय.

अष्टमीच्या सुमाराला भांग. तेव्हा पाणी फार खाली जात नाही, पण फार वरही चढत नाही, आणि ओहोटी नेमकी दुपारी. त्या तीन-चार दिवसांत सगळ्यांत वरच्या डबक्यांत भरतीचं पाणी पोहोचतच नाही. डबकं एका दिवसाचं राहत नाही, ते लागोपाठ तापतं. मे महिन्यातल्या भांगाला अशा डबक्यात हात घाला, आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट लागतं. कडेला मिठाची पांढरी रेघ. बारके काळे शंख पाण्यात नसतातच, ते बाहेर येऊन खडकाच्या भेगेत सावलीला एकावर एक चिकटून बसलेले. काही जण तोंड बंद करून, पाय आत घेऊन, वाळलेल्या डिंकासारख्या बारीकशा पापुद्र्यावर खडकाला नुसते लटकलेले असतात. मला आधी वाटलं मेलेत. पाण्यात टाकले की थोड्या वेळाने चालायला लागतात.

पांझराकाठ (धुळे)

ताई, तुमचा हा प्रतिसाद मी जसाच्या तसा वर्गात वाचणार आहे.

ते लटकणारे बहुधा लिटोरिना कुळातले. पाय आत घेतला की तापलेल्या खडकाचा स्पर्श अगदी बारीक होतो, हा त्यातला हिशेब. उष्ण कटिबंधातल्या त्यांच्या काही जाती तापल्यावर शरीराचा व्यवहारच जवळजवळ बंद करून बसतात.

आणि वेळेचा मुद्दा तर फार मोलाचा आहे. ब्रायन हेल्मुथ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हेच दाखवलं, २००२ मध्ये. आपण समजतो दक्षिणेला गरम, उत्तरेला थंड. पण उत्तरेकडच्या काही ठिकाणी उन्हाळ्यातली खोल ओहोटी दुपारी पडते आणि दक्षिणेकडे ती उन्हाच्या वेळी पडत नाही. म्हणून उत्तरेतल्या काही ठिकाणचे शिंपले दक्षिणेतल्यांपेक्षा जास्त भाजतात. हे मोजायला त्यांनी शिंपल्याच्या आकाराचे नकली शिंपले बनवले, आत तापमापक, आणि खऱ्या शिंपल्यांच्या गर्दीत चिकटवून दिले. हवेचं तापमान आणि शिंपल्याच्या पोटातलं तापमान यांत चांगलाच फरक निघतो.

शंकेखोर (जळगाव)

सर, आदर आहे, पण दोन शंका.

एक, हे प्राणी माणसाच्या आधीपासून आहेत, हवामान आधीही बदललंय. ते हलतील, जुळवून घेतील. दोन, "बदल झालाय" म्हणताना कोणी आधी मोजून ठेवलं होतं का? की आजचं बघून आजोबांच्या काळाविषयी बोलायचं?

पांझराकाठ (धुळे)

दुसरी शंका आधी घेतो, कारण तिचं उत्तर सुंदर आहे. कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्ह इथे हॉपकिन्स मरीन स्टेशन आहे. तिथे विलिस हेवॅट नावाच्या विद्यार्थ्याने १९३१ ते १९३३ मध्ये खडकावर एक सरळ रेघ धरून त्यावरचा प्रत्येक प्राणी मोजला. खडकात पितळी खुणा ठोकल्या. साठ वर्षांनी, १९९३-९४ मध्ये, दुसऱ्यांनी त्याच खुणा शोधून त्याच रेघेवर पुन्हा मोजणी केली. दक्षिणेकडच्या, उबदार पाण्याच्या ९ जातींपैकी ८ वाढलेल्या. उत्तरेकडच्या ८ पैकी ५ घटलेल्या. मधल्या काळात किनाऱ्यालगतचं पाणी सुमारे पाऊण अंशाने तापलेलं. इंग्लंडात प्लिमथच्या बाजूला बार्नेकलच्या नोंदी १९५० च्या दशकापासून आहेत. तिथे थंडीची जात आणि उबेची जात एकमेकींना खडकावरून ढकलत असतात. उबदार वर्षांत एक पुढे, थंड वर्षांत दुसरी.

एका विद्यार्थ्याच्या वहीचा साठ वर्षांनी असा उपयोग होतो, हे आमच्या मुलांनी प्रॅक्टिकलची जर्नलं एकमेकांची उतरवताना आठवावं.

आता "हलतील" याविषयी. कॅलिफोर्नियात हलायला जागा आहे, किनारा उत्तरेला अलास्कापर्यंत जातो. आपल्या अरबी समुद्राचं तसं नाही. उत्तरेला तो बंद आहे : कच्छ, सिंध, मकरान, साधारण २५ अंश अक्षांशावर जमीन. आणि तिथवर पोहोचायच्या आधी मध्ये काय आहे? खंबायतचं आखात. म्हणजे चिखल. नर्मदेचा, महीचा, साबरमतीचा, आणि आपल्या तापीचा. खडकावरच्या बहुतेक प्राण्यांची पिल्लं पाण्यात तरंगत जातात, पण बसायला त्यांना टणक जागा लागते. कोकणातला खडक संपला की पुढचा मोठा खडकाळ किनारा सौराष्ट्रात. सगळेच अडतील असं मी म्हणत नाही, प्रवाह असतात, जहाजांच्या तळाला चिकटूनही प्राणी जातात. पण "हलतील" हा शब्द नकाशा समोर ठेवून वापरावा. पांझरेचा गाळ या गोष्टीत असा येतो.

अहिरानी_मानूस (साक्री)

सर, तुमी सांगतस ते समदं खरं शे. पन आमना साक्रीमा मे महिनामा मानूसच पानी धुंडस, खेकडाना इचार कोन करी?

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, खेकडाना इचार करनारा मानूस पानीनाबी इचार करस! :)

भुसावळ_ते_व्हँकुव्हर

उशिरा बघितला धागा. भुसावळला वाढलो, त्यामुळे उन्हाचं कौतुक मला कोणी सांगू नये. आता कॅनडात, समुद्रापासून चालत अंतरावर.

जून २०२१ चा शेवटचा आठवडा. इथल्या घरांत पंखेही नसतात, एसी तर सोडाच. आतल्या भागात लिटन नावाच्या गावी २९ जूनला ४९.६ अंश नोंदलं गेलं. कॅनडात! आई फोनवर म्हणाली, आकडा चुकीचा ऐकलास. दुसऱ्या दिवशी ते गाव वणव्यात बहुतेक जळालं.

किनाऱ्यावर काय झालं ते मात्र वासाने कळलं. आमच्याकडे उन्हाळ्यातली खोल ओहोटी दुपारी पडते, म्हणजे वर ताईंनी सांगितलेल्या उधाणाच्या नेमकं उलट, कसलीच सोय नाही. खडकाचं तापमान ५० च्या वर गेलेलं. दोन-तीन दिवसांनी फिरायला गेलो तर शिंपले आ वासून पडलेले, आत शिजलेलं मांस, पायाखाली कवचं खुळखुळत होती. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले क्रिस्टोफर हार्ली यांनी किनाऱ्यावर मेलेल्या प्राण्यांचा अंदाज १०० कोटींहून अधिक असा काढला. त्यांत शिंपल्यांच्या गर्दीच्या आडोशाला राहणारे बारके जीवही आले, कारण शिंपल्यांचा थर हीच त्यांची इमारत.

एक नोंद करण्यासारखी : सावलीतले, उत्तरेकडे तोंड असलेल्या उभ्या खडकावरचे शिंपले त्याच किनाऱ्यावर वाचलेले दिसत होते. काही पावलांवर मेलेले आणि जिवंत.

शंकेखोर (जळगाव)

हे पटलं. म्हणजे सरासरी दोन डिग्रींचा प्रश्न नाही, त्या तीन-चार दुपारचा आहे.

तरी माझा एक हट्ट राहतोच. आपल्या किनाऱ्यावर आज डबकी मरतात ती उन्हाने नाही, आपल्या उद्योगांनी. मुंबईत सांडपाणी, भराव, काँक्रीटच्या चार पायांच्या ठोकळ्यांची भिंत. गावोगावी धूपप्रतिबंधक बंधारे, म्हणजे खडकावर दगड ओतणे. हवामानबदलाचं नाव पुढे केलं की ठेकेदार सुटतो.

काळबादेवीची_सून (रत्नागिरी, माहेर जळगाव)

शंकेखोर दादा, या एका गोष्टीत मी तुमच्या बाजूने. बंधाऱ्याच्या दगडावर कालवं बसतात, नाही असं नाही, पण डबकं होत नाही. दगडांच्या फटीतून पाणी निघून जातं.

पण पावसाचंही सांगते. वळवाच्या सरी आम्हाला नव्या नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गुजरातेत गेलं, तेव्हा ऐन उन्हाळ्यात मुसळधार पाऊस. वरच्या डबक्यांत आधी मीठ चढलेलं, आणि एका रात्रीत गोडं पाणी. शिंपले, बार्नेकल दार लावून बसतात, त्यांना काही काळ निभतं. समुद्रफुलाला दार नाही. मी त्यांना पांढरट, मऊ होऊन गळून पडलेली बघितली आहेत. ते पावसाने की अजून कशाने, हे मी सांगू शकणार नाही, सर सांगतील.

पांझराकाठ (धुळे)

एका डबक्यावरून मीही ठामपणे सांगणार नाही, पण गोड्या पाण्याचा धक्का हे कारण अगदी शक्य आहे. नेहमीचा पावसाळाही दरवर्षी वरची डबकी धुऊन काढतो, आणि पावसाळ्यानंतर खडकावर पुन्हा नवी वसाहत होते. आपल्या किनाऱ्याचं चक्रच तसं आहे. चक्राची वेळ चुकली तर काय, हा प्रश्न आहे. पिल्लं खडकावर बसायच्या दिवसांत तडाखा बसला तर त्या वर्षीची पिढी कमी.

@शंकेखोर, भराव आणि बंधारे हे खरंच मोठे शत्रू आहेत, आणि ते दिसतातही. माझं म्हणणं इतकंच की दोन्ही एकाच प्राण्यावर येऊन पडतात. सांडपाण्यामुळे ज्या डबक्यात रात्री आधीच प्राणवायू कमी, तिथे पाणी तापलं की आणखी कमी, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि तापलेल्या प्राण्याला तो जास्त लागतो. कोणाच्या खात्यावर किती मृत्यू मांडायचे हे भांडण मग वकिलांनी करावं.

समुद्राच्या आम्लतेचा विषय मुद्दाम लांबवत नाही. औद्योगिक काळापासून पृष्ठभागाचा सामू साधारण ८.२ वरून ८.१ झालाय, कवच बांधणाऱ्यांना ते जड जातं. डबक्यात तर तो एका रात्रीत त्याहून जास्त हलतो, म्हणून तिथे त्याचा परिणाम वेगळा काढणं अवघड.

कळवण_नाही_चाळीसगाव

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमची मुलं कोकणात कधी जाणार? इथेच काही करता येईल का?

पांझराकाठ (धुळे)

ताई, उष्णतेचा अर्धा प्रयोग चाळीसगावातच होतो. आपला काळा खडक आणि मुंबई-अलिबाग-हरिहरेश्वरचा काळा खडक एकाच जातीचा, बेसाल्ट. तीन उथळ भांडी घ्या : एक काळ्या दगडावर उन्हात, एक सावलीत, एक ओल्या गोणपाटाखाली. सकाळपासून दर तासाला पाण्याचं आणि दगडाचं तापमान. सोबत हवेचं. मुलांनीच आलेख काढायचा. एका भांड्यात मीठ घालून आटताना पातळीची खूण करत जा. एवढ्यात त्यांना कळेल की बातम्यांतलं तापमान आणि दगडावर बसलेल्याचं तापमान या दोन गोष्टी आहेत.

शक्य असेल तर एकदा मुंबईला न्या. मरीन लाइफ ऑफ मुंबई हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून तिथल्या खडकांवर लोकांना फिरवून प्राणी दाखवतो. खान्देशातून मुंबईची गाडी सोपी.

केळीवाला (रावेर)

सर, तुमच्या सहलीत बाहेरचा माणूस चालेल का? खर्च माझा मी करीन. भांगाचं डबकं बघायचंय.

पांझराकाठ (धुळे)

चालेल की. फक्त आमची सहल जानेवारीत, तेव्हा डबकी थंड आणि शेवाळं भरात असतील. भांगाचं तापलेलं डबकं बघायचं तर मे महिन्यात जावं लागेल, आणि मे महिन्यात तुम्ही केळी सोडून येणार का?

केळीवाला (रावेर)

मे महिन्यात नाही जमणार. जानेवारीच ठेवा.

काळबादेवीची_सून (रत्नागिरी, माहेर जळगाव)

तारीख अमावस्या नाहीतर पौर्णिमेच्या पुढेमागे धरा, म्हणजे सकाळी खोल ओहोटी मिळेल. रबरी तळाचे जुने बूट आणा, चपला नकोत. आणि येताना कळण्याचं पीठ आणा, इथे मिळत नाही.